शंकेचे साहित्य श्रद्धेनेच जपले आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती धर्माच्या उगमाविषयी प्रसिद्ध झालेला लेख आणि त्यानंतर दोन आठवडे त्यावर येत राहिलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. येशू नावाची व्यक्ती मुळात होऊनच गेली नाही, चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने निकियाच्या परिषदेत हा धर्म आणि त्याचा ग्रंथ घडवून घेतला, असे लेखाचे म्हणणे होते. उत्तरादाखल आलेल्या बहुतेक पत्रांनी यातील एकाही मुद्द्याला हात घातला नाही. श्रद्धास्थानाचा अवमान झाला, म्हणून संपादकांनी माफी मागावी, एवढीच मागणी त्यांनी केली. मी जन्माने आणि मनाने ख्रिस्ती आहे, अहिल्यानगरमधील एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे आणि 31 वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला आहे. या दोन्ही नात्यांनी मला तो लेख जितका खटकला, तितकीच ती पत्रेही खटकली. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि विषयच असा आहे की ते लांबले तर आपण सांभाळून घ्यावे.

लेखातील निकियाविषयीचे विधान सरळ चुकीचे आहे, तेव्हा त्यापासून सुरुवात करतो. इ. स. 325 मध्ये ती परिषद भरली, ती पुत्राचे, म्हणजे येशूचे, पित्याशी, म्हणजे देवाशी, नाते नेमके कसे मानायचे, या एरियस नावाच्या धर्मोपदेशकाने उभ्या केलेल्या वादावर. कोणती पुस्तके शास्त्रात घ्यायची आणि कोणती वगळायची, याची यादी त्या परिषदेने केली नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या, आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पत्रात, आणि त्यातली बहुतेक पुस्तके तोवर दोनशे वर्षे वाचली जात होती. कॉन्स्टन्टाइनने धर्माला राजाश्रय दिला, हे खरे, आणि त्या राजाश्रयाचे बरे-वाईट परिणाम धर्माला पुढे भोगावे लागले, हेही खरे. परंतु येशूला देव मानण्याची चाल त्याने सुरू केली असे म्हणणाऱ्याने धाकट्या प्लिनीचे पत्र एकदा वाचायला हवे. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात बिथिनिया आणि पोंतस हा रोमन प्रांत होता. तिथला हा अधिकारी साधारण 112 साली सम्राट त्राजानला विचारतो की, या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. ते ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव समजून त्याचे स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घेतात, असे चौकशीत निघाल्याचे तो कळवतो. खरे काय ते काढून घेण्यासाठी आपण दोन दासींचा छळ करवला, त्यांना हे लोक सेविका म्हणतात, असेही त्याच पत्रात त्याने सहज लिहून टाकले आहे. त्या दोघींची नावे त्याने लिहिलेली नाहीत. निकियाच्या परिषदेच्या दोनशे वर्षे आधी, राजाश्रयाचे स्वप्नही कुणाला पडलेले नसताना, त्या दोघी हे सोसत होत्या. हा धर्म चौथ्या शतकात दरबारात घडवला गेला, असे छापताना निदान त्यांची आठवण व्हायला हवी होती.

आता येशू होऊन गेला की नाही, या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याचे उत्तर पुराव्यातून शोधले पाहिजे. सर्वांत जुना लेखी पुरावा पहिल्या पिढीतील प्रचारक पौल याच्या पत्रांचा आहे, आणि त्यातले बहुधा पहिले, म्हणजे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पत्र, वधस्तंभानंतर साधारण वीस वर्षांनी, सन 50 च्या सुमारास लिहिलेले आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, आपण यरुशलेमेस जाऊन केफाजवळ, म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. लगेच पुढच्या वाक्यात तो देवासमक्ष सांगतो की, आपण हे खोटे लिहीत नाही. पौलाला या दोघांचा मोठेपणा सांगायचा नव्हता. उलट आपण त्यांच्या हाताखालचे नाही, हे पटवून देण्याच्या भरात त्याने ही भेट नोंदवली आहे. ज्याच्या सख्ख्या भावाला भेटल्याचे माणूस असे ओघात सांगून जातो, तो येशूच काल्पनिक होता असे म्हणायचे, तर "प्रभूचा भाऊ" ही नुसती पदवी होती असे धरून चालावे लागते. ही ओढाताण मला पटत नाही.

याच याकोबाचा उल्लेख योसेफस करतो. हा यहुदी इतिहासकार सन 37 मध्ये यरुशलेमेतील याजकांच्या घराण्यात जन्मला होता. सन 62 मध्ये, रोमन सुभेदार फेस्त मरण पावला होता आणि नवा सुभेदार अजून पोहोचला नव्हता, अशा मधल्या काळात प्रमुख याजक अनानस याने "ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ" याकोब आणि इतर काही जणांना दगडमार करवला आणि त्यापायी त्याचे पद गेले, अशी हकीकत तो सांगतो. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ज्याच्यापुढे पौल उभा राहतो, तोच हा फेस्त. योसेफस तेव्हा पंचविशीत होता आणि ही घटना त्याच्या स्वतःच्या गावची होती. रोमन इतिहासकार टॅसिटस सुमारे 116 मध्ये लिहितो की, सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत रोमन सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहान्त शिक्षा दिली. आणि टॅसिटसला तर हा धर्म म्हणजे एक घातकी अंधश्रद्धा वाटत होती. प्राचीन काळातील किती तरी माणसांविषयी याच्या निम्माही पुरावा आपल्यापाशी नसतो, तरी त्यांच्या अस्तित्वाविषयी आपण वाद घालत नाही. म्हणूनच स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणारे बार्ट एरमन यांच्यासारखे अभ्यासकही येशू नावाचा एक यहुदी गुरू गालीलात होऊन गेला आणि पिलाताच्या हुकुमाने वधस्तंभावर मेला, हे ठामपणे मान्य करतात.

इथे आमच्या बाजूचा एक दोषही सांगितला पाहिजे. काही महिन्यांपूर्वी एका प्रार्थनासभेनंतर आम्हाला एक पुस्तिका वाटण्यात आली. येशूच्या दिव्यत्वाचा ऐतिहासिक पुरावा म्हणून तिच्यात योसेफसचा दुसरा उतारा मोठ्या अक्षरांत छापला होता. "तो ख्रिस्त होता" आणि "तिसऱ्या दिवशी तो त्यांना पुन्हा जिवंत दिसला", अशी वाक्ये त्या उताऱ्यात आहेत. ती योसेफसची असणे शक्य नाही. तो शेवटपर्यंत यहुदी राहिला, आणि योसेफस येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानत नव्हता, असे तिसऱ्या शतकातील ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानेच लिहून ठेवले आहे. मूळ उताऱ्यात येशूविषयी साधासा उल्लेख असावा आणि नंतर कुणा ख्रिस्ती लेखनिकाने त्यात भर घातली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यातले काहीही त्या पुस्तिकेत नव्हते. मी वाटणाऱ्यांना तसे सांगितले, तेव्हा "तुम्ही आपले आहात की त्यांचे?" असा प्रश्न मला विचारण्यात आला. त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले, आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातील माफीच्या मागण्या वाचताना तोच प्रश्न पुन्हा कानांत वाजला.

कारण खऱ्या शंका वेगळ्याच आहेत, त्या कुणी धर्मशत्रूने उकरून काढलेल्या नाहीत, आणि त्या मला शास्त्रातच, माझ्या घरी, माझ्या वडिलांच्या शेजारी बसून सापडल्या. वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. मी सातवीत असताना शब्बाथ शाळेत विचारले होते की, येशूचे चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय हा मरियेचा पती योसेफ याच्या वडिलांचे नाव याकोब सांगतो आणि लूक एली सांगतो, तर खरे कोणते? शास्त्राला फाटे फोडू नयेत, असे उत्तर मिळाले आणि तासभर उभे राहावे लागले. घरी आल्यावर वडिलांनी माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि दोन्ही वंशावळ्या समोरासमोर लिहून काढायला सांगितल्या. अब्राहामापासून दावीदापर्यंत नावे जवळजवळ जुळत गेली. दावीदानंतर एक यादी शलमोनाकडे गेली, दुसरी नाथानाकडे. पुढे शल्तीएल आणि जरुब्बाबेल ही दोन नावे तेवढी दोन्ही बाजूंना आली, आणि खाली पुन्हा फाटाफूट झाली. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मुद्रितात चूक राहिली तर दुसऱ्या आवृत्तीत कुणीतरी ती काढतोच. हे हजारो माणसांनी हाताने नकलून काढलंय आणि तरी तसंच ठेवलंय. त्यांना हे दिसलं नसेल असं समजू नकोस." उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. पण प्रश्न पुसून टाकायचा नाही, हे त्यांनी त्या रात्री मला शिकवले.

पुढे वाचन वाढले तसे त्यांचे बोलणे किती नेमके होते, ते कळत गेले. दुसऱ्या शतकात, साधारण 170 च्या सुमारास, तातियान नावाच्या सीरियन ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र ओवून एकच सलग, विसंगती नसलेले चरित्र तयार केले होते. ते लोकांना आवडले, आणि सीरियातील मंडळ्यांतून दोन शतकांहून अधिक काळ वाचले गेले. शंकेखोरांच्या हाती काहीच लागू नये, अशी इच्छा असती, तर चर्चने हेच पुस्तक उचलून धरले असते. झाले उलटे. पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातून या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने ठेवली. म्हणजे चार साक्षीदार, त्यांच्या न जुळणाऱ्या जबान्यांसह, चर्चने समजून-उमजून ठेवून घेतले. आज येशूच्या अस्तित्वावर किंवा पुनरुत्थानावर शंका घेणारा विद्वान जे दाखले देतो, त्यातले बहुतेक त्याला या निर्णयामुळेच मिळाले आहेत.

सगळेच लेखनिक इतके प्रामाणिक होते, असे मात्र मी म्हणणार नाही. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहा. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते. स्त्रिया रिकाम्या कबरेपासून थरथर कापत पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. बस्स. पुनरुत्थित येशूचे दर्शन त्यात नाही. पुढची बारा वचने कुणीतरी नंतर जोडली, कारण असा शेवट त्याला सोसवला नसावा. आपल्या मराठी बायबलच्या आवृत्त्यांतही ही वचने कंसात किंवा तळटीप देऊन छापलेली आढळतात. वडिलांनी मला तो कंस बोटाने दाखवला होता आणि सांगितले होते की, खिळे जुळवताना हा कंस विसरला तर तो सर्वांत मोठा अप्रामाणिकपणा होईल.

आणखीही आहे. हेरोद राजा इ. स. पूर्व 4 मध्ये वारला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आणि लूक येशूच्या जन्माच्या वेळच्या ज्या रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती इ. स. 6 मधली आहे. मत्तय येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीत सांगतो, आणि लूकही आपली कथा हेरोदाच्याच दिवसांपासून सुरू करतो. ही सुमारे दहा वर्षांची दरी बुजवण्याचे अनेक प्रयत्न झाले, त्यातला एकही मला समाधानकारक वाटत नाही, आणि तसे म्हणण्याने माझ्या विश्वासाला तडा जात नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित येशू कुणाकुणाला दिसला, याची यादी आहे. ती सर्वांत जुनी यादी आहे, आणि तिच्यात त्या पहाटेच्या स्त्रियांचे नाव नाही, रिकाम्या कबरेचा उल्लेखही नाही. चारही शुभवर्तमाने मात्र कबरेपाशी आधी स्त्रियांनाच नेतात, ज्यांच्या साक्षीला त्या काळी पुरुषांइतके वजन नव्हते. कथा रचूनच सांगायची होती, तर असे साक्षीदार कुणी निवडले असते का, हा श्रद्धावंतांचा युक्तिवाद वजनदार आहे. पौल गप्प का, हा शंकेखोरांचा प्रश्नही तितकाच वजनदार आहे. दोन्ही एकाच टेबलावर ठेवून बोलता येते. मी वर्गात तसेच बोलत असे.

उत्खननातून पुरावा मिळतो तेव्हाही हीच सावधगिरी लागते. वधस्तंभावर मेलेल्यांची प्रेते कधीच नातेवाइकांच्या हाती देत नसत, म्हणून कबरेची कथाच खोटी, असे पूर्वी काही जण ठामपणे सांगत. 1968 मध्ये यरुशलेमेच्या उत्तरेस गिवात हामिवतार येथे बांधकाम चालू असताना पहिल्या शतकातील कबरी उघड्या पडल्या. त्यातील एका दगडी अस्थिपेटीवर यहोहानान हे नाव कोरलेले होते, आणि आत टाचेचे एक हाड होते, ज्यातून सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले होते. लाकडात ठोकताना ते वाकले असावे, आणि म्हणून प्रेत उतरवणाऱ्यांना तो काढता आला नसावा. ते छायाचित्र मी प्रथम पाहिले, तेव्हा कितीतरी वेळ पान उलटवता आले नाही. कुणाचा तरी मुलगा होता तो, आणि त्याच्या माणसांनी त्याची हाडे वेचून, खिळ्यासकट, पेटीत ठेवली होती. या हाडाने इतकेच सिद्ध होते की, वधस्तंभावर मेलेल्या माणसालाही कधी कधी घरच्यांच्या हातची मूठमाती मिळत असे. येशूला ती मिळाली, हे त्याने सिद्ध होत नाही. आमच्या पुस्तिका मात्र तसे छापतात, तेही थांबायला हवे.

लेखाच्या शेवटी येशू काश्मिरात येऊन गेल्याचा जो उल्लेख आहे, त्याविषयी थोडक्यात लिहितो. त्याच लेखात आधी येशू झालाच नाही असे म्हटले आहे, त्यामुळे ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. लडाखच्या हेमिस मठात येशू भारतात आल्याचे सांगणारी पोथी पाहिल्याचा दावा निकोलस नोटोविच याने 1894 मध्ये केला. संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर आक्षेप घेतला, आणि 1895 मध्ये आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा अशी पोथी मठात नाही, असे मठाच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितले. हे सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासून झालेले आहे.

अवमानाची तक्रार करणाऱ्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना मला पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यायची आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांत, त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त आपल्याला शास्त्रात सापडत नाही, हे त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना निर्भीडपणे लिहिले. भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसेच दुसरे जू घ्यायला मी तयार नाही, असे त्यांनी कळवले. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला आहे. ज्याला शंका म्हणजे द्रोह वाटतो, त्याने तो अवश्य वाचावा. याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले. आश्रमातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा हे काम त्यांनी नुकतेच पुरे केले होते. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईने उरलेले आयुष्य त्या ग्रंथाच्या एकेका शब्दासाठी वेचले. तिला कुणी "आपली की त्यांची" असे विचारले असते तर?

माझे स्वतःचे म्हणाल, तर येशू जगला आणि मेला हे मी इतिहास म्हणून मानतो; तो उठला हे मी विश्वास म्हणून मानतो. पहिल्या विधानासाठी मी कुणाशीही पुराव्यानिशी वाद घालीन. दुसऱ्यासाठी इतिहास मला एवढेच देतो की, पेत्र, याकोब, पौल यांना तो दिसल्याचा अनुभव आला, असे ते स्वतः सांगत होते आणि त्यापायी त्यांनी हाल सोसले. तिथून पुढचे पाऊल माझे आहे, आणि ते जो टाकत नाही त्याला मी कमी प्रामाणिक समजत नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, अकरा शिष्य डोंगरावर येशूला पाहून नमन करतात, त्याच वाक्यात कित्येकांना संशय वाटल्याचे नोंदवले आहे. आणि पुढची आज्ञा देताना येशू त्या संशय घेणाऱ्यांना बाजूला काढत नाही.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या आहेत. निकियाच्या परिषदेत ग्रंथ ठरवला गेला, या विधानाची आणि येशू काश्मिरात येऊन गेल्याच्या मजकुराची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी. मात्र माफी मागू नये, आणि लेखकाला पुन्हा लिहू द्यावे; फक्त प्रत्येक पुराव्यापुढे तो केव्हाचा आहे ते साल घालायला सांगावे. त्यांची इच्छा असेल तर वर उल्लेख केलेली वही मी त्यांना दाखवीन. वडिलांनी ओढलेली रेघ आता फिकट झाली आहे, पण दोन्ही बाजूंची नावे अजून वाचता येतात.

आपला,
एक वाचक
(निवृत्त इतिहास शिक्षक, अहिल्यानगर)